सांगाल तसे करून देऊ

बँकॉकला जाऊन आलेल्या मराठी मंडळींना "काय काय पाहिलंत?" असे विचारावे, की उत्तर ठरलेले असते. पाचूचा बुद्ध पाहिला, पहुडलेला बुद्ध पाहिला, चाओ फ्राया नदीतून नावेने हिंडलो, बाजारातून पिशव्या भरभरून आणल्या. "आणि जेवलात काय?" असा पुढचा प्रश्न टाकला, की मंडळींचा चेहरा अभिमानाने फुलतो. "जेवणाची काही अडचण नव्हती हो! कंपनीनं महाराज बरोबर दिला होता. रोज पोळी, बटाट्याची भाजी, वरण-भात. एक दिवस तर श्रीखंडसुद्धा!"

श्रीखंडाशी आमचे वैर नाही. पण मुंबईहून चार तासांवर विमानाने जायचे, घड्याळ दीड तास पुढे सरकवायचे आणि तिथे जाऊन बटाट्याची भाजी खाऊन परत यायचे, यात प्रवास नेमका कुठे झाला? देवळे आणि राजवाडे दाखवायला वाटाडे पुष्कळ मिळतात. शहरातली माणसे रोज दुपारी कुठे जेवतात, हे मात्र कोणी दाखवत नाही. म्हणून आज आपण बँकॉकच्या एका गल्लीतल्या साध्या खाणावळीत जाऊन बसू.

गल्लीला थाई भाषेत 'सोय' म्हणतात. शब्द ऐकून हसू येते, पण तो अगदी चपखल आहे. कारण जेवणाची खरी सोय या सोयींमध्येच असते. मोठ्या रस्त्याच्या एका अंगाला विषम क्रमांकाच्या सोयी आणि दुसऱ्या अंगाला सम क्रमांकाच्या. त्यांतल्या कोणत्याही सोयीत शिरा. शंभर पावलांच्या आत लसूण-मिरचीचा खकाणा नाकाला झोंबतो आणि लोखंडी कढईवर उलथने आपटल्याचा खणखणाट ऐकू येतो. पाच-सहा टेबले, प्लॅस्टिकची स्टुले, गरगरणारा पंखा, भिंतीवर राजाची तसबीर. चूल मात्र मागच्या अंधाऱ्या खोलीत नाही, ती दुकानाच्या अगदी तोंडाशी! आपल्या ताटात काय पडते, ते कढईत पडताना गिऱ्हाइकाला दिसते. आमच्या गृहिणीवर्गाला ही एक गोष्ट फार पसंत पडावी.

अशा दुकानाला थाई लोक 'रान आहान ताम सांग' म्हणतात. 'रान' म्हणजे दुकान. 'आहान' हा शब्द ओळखीचा वाटतो ना? तो आपला 'आहार'च आहे, फक्त शेवटचा 'र' थाई जिभेवर 'न' झालेला. आणि 'ताम सांग' म्हणजे सांगाल त्याप्रमाणे. थोडक्यात, सांगाल तसे करून देणारे आहाराचे दुकान. संस्कृत आणि पालीतून गेलेले असे कितीतरी शब्द तिकडच्या पाट्यांवर भेटतात. 'फोचना' म्हणजे भोजन, 'रोत' म्हणजे रस, अर्थात चव. मांस न खाणाऱ्याला तर 'मांगसविरत' असा शब्द आहे. तो सावकाश उच्चारून पाहा, 'मांसविरति' ऐकू येईल. शाकाहारी माणसाला इतके भारदस्त नाव खुद्द आपल्या भाषेतही मिळालेले नाही!

या खाणावळी इतक्या संख्येने का, याचे उत्तर बँकॉकच्या घरांत आहे. खेड्यापाड्यांतून, विशेषतः ईशान्येकडच्या 'ईसान' नावाच्या कोरडवाहू भागातून, लाखो माणसे कामासाठी या शहरात आली. त्यांना परवडणाऱ्या भाड्याच्या खोलीत बहुधा स्वयंपाकघर नसतेच. खोली, न्हाणीघर आणि कपडे वाळवण्यापुरती गच्ची, संपले बिऱ्हाड. मग गल्लीतली खाणावळ हेच साऱ्या गल्लीचे स्वयंपाकघर होते. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या बाया रबर बांधलेल्या पिशव्यांतून कढण, भाजी आणि भात घरी नेतात. त्यांना थाई लोकांनी थट्टेने 'प्लॅस्टिकच्या पिशवीच्या गृहिणी' असे नाव ठेवले आहे.

मुंबईच्या वाचकाला हे चित्र नवे वाटू नये. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार दहा-दहा, पंधरा-पंधराच्या खोल्यांत राहत आणि जेवत ते एखाद्या मावशीच्या खाणावळीत. त्याच खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभे केले. गाव सोडून आलेल्या पुरुषांना शहरात जगवले ते बायकांच्या चुलींनी. ही गोष्ट गिरणगावाइतकीच बँकॉकच्या सोयींनाही लागू आहे. गंमत अशी की बोलावण्याची रीतही तीच. चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईंना कोणी नावाने हाक मारीत नाही. आईहून वडील दिसल्या तर 'पा', म्हणजे मावशी. आपल्याहून थोड्या मोठ्या असतील तर 'फी', म्हणजे ताई. आणि पाणी आणून देणारा पोरगा 'नॉङ', म्हणजे धाकटा. पैसे देऊन जेवायचे, पण नाते लावून जेवायचे!

आता पदार्थांकडे वळू. तिखट म्हटले की थाई जेवण, अशी ख्याती आहे; पण ती मिरची मूळची तिथली नव्हे, आणि आपलीही नव्हे. अमेरिका खंडातली ही वनस्पती पोर्तुगीजांच्या जहाजांतून पूर्वेकडे आली. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला, १५११ साली मलाक्का घेतले आणि त्याच वर्षी सयामच्या राजधानीत, अयुथयेत, आपला वकील पाठवला. त्याआधी आपण तिखटासाठी मिरी वापरीत होतो आणि थाई लोकही मिरीच वापरीत होते. पुढे आपण मिरीवरून नव्या फळाला 'मिरची' म्हणू लागलो. थाई भाषेत निराळीच मौज झाली. मिरचीने जुने 'फ्रिक' हे नावच बळकावले आणि बिचाऱ्या मिरीला 'फ्रिक थाय', म्हणजे 'थाई मिरची' म्हणवून घ्यावे लागले. पाहुणी घरमालकीण झाली आणि मूळ मालकिणीला आपण इथलीच असल्याचा दाखला गळ्यात बांधून हिंडावे लागले!

परदेशात सर्वांत गाजलेला 'पाद थाय' हा पदार्थही असाच. तांदळाच्या चपट्या शेवया कढईत परतण्याची विद्या चिनी लोकांची. फिबुन सोंगख्राम १९३८ साली पंतप्रधान झाले. १९३९ साली त्यांच्या सरकारने 'सयाम' हे देशाचे नाव बदलून 'थायलंड' केले, आणि राष्ट्राभिमानाच्या त्याच लाटेत चिंच, गूळ आणि मासळीचे पाणी घातलेल्या या शेवयांना 'थाई' असे नाव देऊन त्यांचा प्रचार झाला. टेबलावरचा काटा-चमचाही बाहेरचाच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो राजवाड्यातून खाली झिरपला. पण थाई लोकांनी त्याची रीत आपल्याला हवी तशी करून घेतली. चमचा उजव्या हातात, काटा डाव्या हातात. काट्याने घास चमच्यावर ढकलायचा आणि चमच्याने खायचे. काटा तोंडात घालायचा नाही. सुरी टेबलावर नसतेच, कारण चिरायचे ते सारे चुलीपाशीच चिरून झालेले असते.

घरची चार माणसे एकत्र जेवायला बसली, की प्रत्येकासमोर भाताची बशी येते आणि बाकीचे पदार्थ मध्ये ठेवतात. आधी सार, मग भाजी असा क्रम नाही. ज्याने त्याने एकेक चमचा आपल्या भातावर घ्यायचा, तो संपला की दुसरा. मधल्या वाडग्यातून एकदम ढीगभर वाढून घेणे हे असभ्यपणाचे. पण खरी खुबी याहून वेगळी आहे. टेबलाच्या मधोमध तारेच्या कडीत अडकवलेल्या चार बरण्या असतात. एकीत साखर, दुसरीत मिरच्यांचे तुकडे घातलेले मासळीचे खारट पाणी, तिसरीत मिरच्या मुरवलेला शिरका आणि चौथीत भाजलेल्या सुक्या मिरचीची भरड. गोड, खारट, आंबट, तिखट! विशेषतः शेवयांचे वाडगे समोर आले, की थाई माणूस आधी एक घोट चाखतो आणि मग या चार बरण्यांतून आपली चव आपण पुरी करतो. त्यात स्वयंपाकिणीचा अपमान नाही. तिने मुद्दाम जागा सोडलेली असते.

परक्या मुलखातली ही पद्धत आम्हांला ओळखीची वाटू लागली, ती आपल्या ताटाची डावी बाजू आठवल्यावर. आपणही मीठ, लिंबाची फोड, चटणी आणि लोणचे डाव्या बाजूला का वाढतो? मुख्य पदार्थ सर्वांना सारखा; पण जीभ ज्याची त्याची. आजोबांना मीठ कमी, सुनेला तिखट जास्त. डावी बाजू म्हणजे पंगतीतल्या प्रत्येकाला दिलेले स्वातंत्र्य. थाई खाणावळीत ही डावी बाजू उचलून टेबलाच्या मध्यावर ठेवली आहे, एवढाच फरक.

इतके वाचल्यावर आमच्या वाचक भगिनींपैकी निदान निम्म्या जणी म्हणतील, "ते सगळं खरं, पण मासळीचं पाणी! आम्ही शाकाहारी माणसांनी काय करायचं?" प्रश्न रास्त आहे. 'नाम प्ला' म्हणजे मासळी मिठात मुरवून काढलेले पाणी तिथे मिठाच्या जागी असते, आणि बहुतेक वाटणांत 'कपी', म्हणजे जवळ्यासारखी बारीक कोळंबी आंबवून केलेला लगदा असतो. कोकणातल्या सुकटप्रिय माणसाला स्वर्ग सापडावा, पण शाकाहाऱ्याला नुसते 'मांस नको' म्हणून भागत नाही.

आमची थोरली बहीण, अक्का, कट्टर शाकाहारी. चातुर्मासात कांदा-लसूणही वर्ज्य. तिचा मुलगा नोकरीनिमित्त बँकॉकला, सुखुमवित रस्त्यावरच्या ओन नुत भागात राहतो. नवरात्राच्या सुमारास अक्काला घेऊन आम्ही उभयता तिकडे गेलो. सामानात भाजणी, कोकम, लाडवांचे दोन डबे आणि एक छोटा कुकर. अक्काला देवळे पाहायची नव्हती. चार वर्षे आपला मुलगा काय खातो, कोणाच्या हातचे खातो, एवढेच तिला पाहायचे होते. खोलीत शिरताच तिने स्वयंपाकघर शोधले. तिथे हात धुण्याची मोरी आणि विजेची एक शेगडी एवढेच होते.

"अरे, मग तू जेवतोस कुठं?"

"खाली, पाकडे."

"पा कोण?"

"मावशी गं. गल्लीतली."

अक्काचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सख्खी मावशी पुण्यात असताना ही दुसरी मावशी कोण?

खाली उतरलो, तर गल्लीभर पिवळी निशाणे आणि त्यांवर तांबडे अक्षर. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस थायलंडातली चिनी वंशाची माणसे, आणि त्यांचे पाहून इतरही पुष्कळ जण, 'जे' पाळतात. मांस नाही, मासळी नाही, अंडे नाही, दूध नाही. इतकेच काय, कांदा-लसूणही नाही! हे नऊ दिवस पुष्कळदा आपल्या नवरात्राबरोबरच येतात. तिकडे सिलोम रस्त्यावर, तमिळ लोकांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या मारिअम्मनच्या देवळात त्याच दिवसांत नवरात्राचा उत्सव चालतो आणि अखेरीला देवीची मिरवणूक निघते. अक्काला हे सारे सांगितले, तेव्हा ती कांदा-लसणाच्या गोष्टीपाशीच थांबली. "म्हणजे यांच्यातही सोवळं आहे तर," ती म्हणाली.

पाबाई चाळिशी उलटलेल्या, ठेंगण्या, कपाळावर घाम. ही मुलाची आई, असे कळताच त्यांनी उलथने खाली ठेवले आणि हात जोडून नमस्कार केला. अक्काने मुलाकरवी विचारले, "यात काय काय घालता?" बाईंनी एकेक बाटली उचलून दाखवली. मासळीच्या पाण्याची बाटली नऊ दिवस फळीवरूनच उतरली होती, कढया घासूनपुसून लख्ख केल्या होत्या. मग हिरव्या पाल्याची एक जुडी त्यांनी पुढे केली. अक्काने वास घेतला आणि ती दचकली.

"अरे, ही तर आपली तुळस!"

होती खरी. थाई लोक तिला 'कप्राव' म्हणतात आणि तिखट मिरच्यांबरोबर परततात. या खाणावळींतला तो सर्वांत नेहमीचा पदार्थ. एरवी तिच्या जोडीला कढईत काय असते, ते भाच्याने सांगितले नाही आणि अक्कानेही विचारले नाही. क्षणभर ती पानांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "नैवेद्यावर आपण ठेवतोच की पान. नैवेद्य समजून घेऊ."

सोयाबीनचे पनीर, अळिंबी आणि तुळस घातलेली भाजी वाफाळत्या भातावर आली. अक्काने एक घास घेतला, थोडा विचार केला आणि हात थेट बरण्यांकडे नेला. साखर एक चमचा. मग आणखी एक चमचा. वर थोडा शिरका. आमटीत गुळाचा खडा आणि आमसूल टाकणारा तो हात! पाबाई ते पाहत होत्या. त्या एकदम हसू लागल्या आणि भराभर काही बोलल्या. भाच्याने अर्थ सांगितला, "म्हणतात, चार वर्षं मला कोडं पडलं होतं, हा मुलगा दरवेळी दोन चमचे साखर का घालतो. आज कळलं."

अक्का हसली, पण तिचे डोळे भरून आले होते. आपल्या मुलाच्या साखरेचे चमचे मोजणारे कोणीतरी या गावात आहे, एवढी एक खूण तिला पुरेशी होती. पुढे बोलता बोलता कळले, की बाईंचाही एक मुलगा आहे, दहा वर्षांचा. तो ईसानमध्ये आजीपाशी असतो. बाई दर महिन्याला पैसे पाठवतात आणि एप्रिलमध्ये सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या सुटीत त्याला भेटतात. परक्यांची पोरे जेवू घालून त्या आपल्या पोराला वाढवीत होत्या. निघण्याच्या आदल्या दिवशी लाडवांच्या दोन डब्यांपैकी एक डबा खाली गेला, ईसानच्या पत्त्यासाठी.

आमच्या वाचकांना दर वेळी नवरात्रच गाठता येईल असे नाही. म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी. वर्षभरात कधीही पिवळ्यावर तांबडे, इंग्रजी आकड्यांत लिहिलेल्या सतरासारखे दिसणारे अक्षर दिसले, तर ते 'जे' समजावे आणि खुशाल आत शिरावे. इतर दुकानांत 'माय साय नाम प्ला', मासळीचे पाणी घालू नका, आणि 'माय साय कपी', कपी घालू नका, अशी दोन वाक्ये पाठ असावीत. अंडे चालत नसेल तर 'माय साय खाय'. तयार वाटणाची कढणे मात्र टाळावीत, कारण त्यात कपी आधीच वाटलेली असते. ताजे परतून देतात तेच मागावे. तिखट सोसत नसेल तर 'माय फेत' म्हणावे, आणि तरीही पाण्याचा पेला जवळ ठेवावा, कारण त्यांचे 'तिखट नाही' आणि आपले 'तिखट नाही' यांत बरेच अंतर असते! एका बशीला साठ-सत्तर बाट पडतात. मांसाहारी मंडळींना तर उपदेशाची गरजच नाही. त्यांनी गवती चहा, कोळिंजन आणि लिंबाची पाने घातलेले 'तोम याम कुंग' हे कोळंबीचे सार अवश्य घ्यावे. २०२४ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

असे मानसन्मान हल्ली थाई चुलीला बरेच मिळतात. डिसेंबर २०१७ मध्ये बँकॉकच्या महाचाय रस्त्यावर कोळशाच्या शेगडीशी उभ्या राहून रांधणाऱ्या 'जे फाय' या बाईंच्या दुकानाला मिशेलिनचा तारा मिळाला आणि जगभरची माणसे तिथे रांगा लावू लागली. दुसरीकडे, २०१४ नंतरच्या काही वर्षांत त्याच शहराच्या महापालिकेने पदपथ मोकळे करण्यासाठी पुष्कळ गाड्या आणि टपऱ्या उठवल्या. पदपथ चालण्यासाठी असतात, हे कोण नाकारील? पण ज्या गल्लीतून चूल उठते, त्या गल्लीतल्या बिनस्वयंपाकघराच्या खोल्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. तारा मिळालेल्या चुलीपाशी माणूस एकदा जाऊन येतो. गल्लीतल्या चुलीपाशी तो रोज जेवतो.

तेव्हा पुढच्या सुटीत बँकॉकला जाल, तर महाराजांच्या पोळ्यांना एक दिवस रजा द्या. कोणत्याही सोयीत शिरा, चुलीपाशी उभे राहा, काय चालते आणि काय चालत नाही ते न लाजता सांगा. थाई माणूस ओळखीच्याला भेटताच विचारतो, "किन खाव रू यांग?" म्हणजे "भात खाल्लात की अजून नाही?" आपल्याकडे दारात आलेल्याला "जेवलात का?" असेच विचारतात. हा प्रश्न ज्या दोन मुलखांत नमस्काराच्या जागी विचारला जातो, त्यांतल्या एका मुलखाच्या माणसाने दुसऱ्यात जाऊन उपाशी राहण्याचे काहीच कारण नाही.